गिऱ्हाईक, दुकानदार आणि चव्हाटा

स्मरणिकेसाठी यंदा काय लिहावे, असा विचार करताना आपल्या सिविक सेंटरचा बाजार डोळ्यांसमोर आला. व्हॉट्सॲप, फेसबुक आल्यापासून गिऱ्हाईक आणि व्यापारी यांचे बोलणे पार बदलले, असे आपण सारेच म्हणतो. हा बदल नेमका कशात झाला, ते थोडे मागे जाऊन पाहू या.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर टाऊनशिप वसली, सेक्टर झाले, सिविक सेंटरला दुकाने आली. दुकानदार परप्रांतातला, गिऱ्हाईकही परप्रांतातले. पण व्यवहार समोरासमोर. प्रेशर कुकरची शिटी नीट वाजली नाही, तर दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून तो काउंटरवर ठेवायचा, की काम झाले! अडचण यायची ती माल बनवणारी कंपनी दूर मुंबई-कलकत्त्याला असल्यामुळे. तिला पोस्टकार्ड टाकायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची.

दूरच्या गिऱ्हाइकाशी बोलण्याची युक्ती एका मराठी कारखानदाराच्या घरात फार पूर्वीच सुचली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, पण शेतकरी तो घ्यायला बिचकत होते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची, यंत्रांची माहिती विक्रेत्यांपर्यंत आणि ग्राहकांपर्यंत पोचवणारे हे पत्र. १९२९ साली त्याचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले आणि ते मराठी घराघरांतले मासिक बनले. आज कंपन्या फेसबुकवर पाने चालवतात, त्याचे हे पणजोबाच म्हणावेत. मात्र काय छापायचे, हे शेवटी कारखान्याच्याच हाती होते.

गिऱ्हाइकाचा आवाज एकत्र आला तो ग्राहक चळवळीमुळे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच त्या दिवशी आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. आता दाद मागायला जागा मिळाली, पण अर्ज, तारखा आणि चपला झिजवणे काही सुटले नाही.

मग मोबाइल आला. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावजवळ धावत्या गाडीत एका महिलेला सहप्रवाशाचा त्रास होऊ लागला. तिने ट्विटरवरून (आताचे एक्स) मंत्र्यांना कळवले आणि भुसावळला सुरक्षा दल मदतीला आले. आपले दुर्ग स्टेशन याच हावडा-मुंबई मार्गावरचे, म्हणून ही बातमी मला जवळची वाटली. रेल्वे सरकारी असली, तरी तिकीट काढणारे आपण तिचे गिऱ्हाईकच ना!

माझ्याही घरी वॉशिंग मशीन बिघडले होते. एका कंपनीच्या सेवा केंद्राला आठवडाभर फोन केले. “नोंद घेतली आहे” एवढेच उत्तर. पुण्याच्या पुतण्याने बिलाचा फोटो जोडून कंपनीच्या पानावर तक्रार लिहिली. संध्याकाळी फोन आला, तिसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात! मशीन तेच, बिल तेच, तक्रारही तीच. फरक एकच, ती चव्हाट्यावर मांडली होती. आधी आमचे गाऱ्हाणे एका कारकुनाने ऐकले होते, आता उद्याचे गिऱ्हाईकही ते वाचत होते. कंपनी हलली ती त्या वाचणाऱ्यांच्या धाकाने.

पण चव्हाट्यावर चोरही उभे असतात. उघड लिहिलेली तक्रार आणि फोन नंबर पाहून भामटे “कंपनीतून बोलतोय” म्हणून फोन करतात, ओटीपी मागतात. मुले पुण्या-बंगळूरला आणि सेक्टरमध्ये दोघेच ज्येष्ठ, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. निवृत्तीचा पैसा असा जाता कामा नये. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले आणि बरेचसे बोलणे पुन्हा बंद दाराआड, दोघांतच होऊ लागले. तिथे ऐकणारा तिसरा कोणी नसतो.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बिल जपावे आणि तक्रार लेखी करावी. ती उघड मांडली, तरी फोन नंबर, पत्ता तिथे लिहू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि समाजमाध्यमावरील ओरड म्हणजे कायदेशीर तक्रार नव्हे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. तसे न झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फसवणूक झाल्यास १९३० आहे. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला; त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. कंपनी कुठलीही असो, भिलाईकराला आपल्या दुर्गमध्येच दाद मागता येते. चव्हाट्यावर मिळालेली ही ताकद कागदाच्या आधाराने वापरली, तर ती टिकेल.