मामूंचं नाक

नेरला जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर माझे मामू अत्तर विकतात. एप्रिल २०२१मध्ये त्यांना कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, वास मात्र परतला नाही. जून उजाडला तरी खस काय नि गुलाब काय, त्यांना सगळं पाणीच. दूध करपलं तरी कळेना, म्हणून मामीजान गॅसजवळून हलत नसत.

वास जाणं कोरोनाने नव्याने आणलेलं नाही. साध्या सर्दीनंतर, फ्लूनंतर महिनोन्महिने वास न येणारे लोक पूर्वीही होते. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये नाकाच्या आजारांत याचा विचार आहे. त्याच्याही आधी अल-राझीने वसंतात गुलाबाच्या वासाने सर्दी का होते यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली होती. आपल्या दख्खनमध्ये, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 'इत्र-ए-नौरसशाही' हा अत्तरांवरचा ग्रंथ झाला. नाकाची एवढी कदर! तरी आपल्याकडे वास गेलेल्या माणसाला 'डोळे तर शाबूत आहेत ना' एवढंच ऐकावं लागायचं. केंद्र सरकारने वास व चव जाण्याला कोरोनाच्या लक्षणांत जागा दिली ती १३ जून २०२० रोजी.

उपचाराची गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधीची. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार वासांच्या बाटल्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली सुमारे १० सेकंद हुंगायची, १२ आठवडे. ४० जणांनी सराव केला, १६ जणांनी केला नाही. सराव करणाऱ्यांपैकी काहींचा वास सुधारला. पुढे दुसऱ्या अभ्यासात वास बदलत हा सराव ३६ आठवड्यांपर्यंत नेला गेला.

यामागचं कारण मला वर्गात शिकवावंसं वाटतं. वास ओळखणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. रेंगाळला तर हुंगण्याचा सराव करायचा. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा पुरावा कच्चा आहे नि त्यांचे दुष्परिणाम पक्के. मामूंना मधुमेह, म्हणून त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

हे वाचून मी जुलैत मामूंकडे चार शिश्या नेल्या. गुलाब नि लवंग त्यांच्याच पेटीतले.

"उम्रभर यहीच सूंघा बेटा, अब तू सिखाएगा?"

पण मामीजाननी घड्याळ हातात घेतलं. हुंगताना ती वस्तू डोळ्यांसमोर आणायची, असं मी सांगितलं होतं. मामू गुलाबाला डोळे मिटत आणि कन्नौजची एखादी हकीकत सुरू करत. दहा सेकंदांची दहा मिनिटं होत.

सहाव्या आठवड्यात कांद्याची फोडणी त्यांना सडल्यासारखी वाटू लागली. आम्ही घाबरलो. यवतमाळच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बिघडलेला का होईना, वास येतोय म्हणजे नसा जाग्या होताहेत. मामू दोन महिने दही-भातावर राहिले.

७ ऑक्टोबर २०२१ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्याच दिवशी जुम्मा होता. मामू पेटी घेऊन बसले. लवंग, निलगिरी त्यांना कळत होती, गुलाब अर्धामुर्धा. खस अजिबात नाही. शिश्यांवर मी उर्दूत चिठ्ठ्या चिकटवून दिल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की मामू आधी चिठ्ठी वाचत, मग सवयीने बूच उघडून नाकाशी धरत.