संरक्षित ॲमिनो अम्ले व पेप्टाइड संश्लेषण

ॲमिनो अम्लाच्या रेणूत ॲमिनो व कार्बॉक्सिल असे दोन विक्रियाशील गट असतात. एका अम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या ॲमिनो गटाशी जोडला गेला म्हणजे पेप्टाइड बंध तयार होतो. तथापि दोन भिन्न अम्लांचा नुसताच संयोग घडविल्यास त्यांचा क्रम ठरविता येत नाही व अनेक पदार्थांचे मिश्रण मिळते. म्हणून जे गट जोडावयाचे नाहीत, ते तात्पुरते झाकून ठेवतात. अशा अम्लांस संरक्षित ॲमिनो अम्ले व झाकणाऱ्या गटास संरक्षक गट म्हणतात. हा गट बसविणे सोपे असते. पेप्टाइड बंध न तुटता तो काढणे हीच खरी अडचण होय.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमील फिशर यांनी १९०१ मध्ये ग्लायसिलग्लायसीन हे दोन घटकांचे पेप्टाइड तयार केले व १९०७ मध्ये १५ ग्लायसीन आणि ३ ल्यूसीन घटकांची साखळी मिळविली. त्यांनी वापरून पाहिलेला एथॉक्सिकार्बोनिल गट मात्र साखळी न मोडता काढता येईना. त्यामुळे प्रथिनांच्या संश्लेषणाचे त्यांचे उद्दिष्ट त्यांच्या हयातीत (मृत्यू १९१९) साध्य झाले नाही.

फिशर यांचे शिष्य माक्स बेर्गमान व ग्रीक रसायनशास्त्रज्ञ लिओनिडास झेर्व्हास यांनी १९३२ मध्ये ड्रेझ्डेन येथे बेंझिलऑक्सिकार्बोनिल गट प्रचारात आणला. पॅलॅडियम उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनाची विक्रिया केल्यास हा गट टोल्यूईन व कार्बन डाय-ऑक्साइड या रूपांत निघून जातो आणि पेप्टाइड बंध अबाधित राहतो. या शोधाने कोंडी फुटली. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी ९ ॲमिनो अम्लांच्या ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाचे संश्लेषण केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५७ मध्ये तृतीयक-ब्युटिलऑक्सिकार्बोनिल गट उपयोगात आला. तो अम्लाने निघतो, पण हायड्रोजनाच्या विक्रियेत टिकतो. त्यामुळे एकाच रेणूतील दोन भिन्न संरक्षक गट स्वतंत्रपणे काढणे शक्य झाले. १९६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी पहिल्या अम्लाचा कार्बॉक्सिल गट पॉलिस्टायरिनाच्या अविद्राव्य मण्यांना जोडला. मणी हाच त्या गटाचा संरक्षक ठरला. प्रत्येक टप्प्यानंतर उरलेली विक्रियाकारके केवळ धुऊन काढता येऊ लागली. या घनप्रावस्था पद्धतीने १९६९ मध्ये १२४ ॲमिनो अम्लांच्या रिबोन्यूक्लिएज-ए या एंझाइमाचे संश्लेषण करण्यात आले. मेरिफील्ड यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१९७० मध्ये लुईस कार्पिनो व ग्रेस हान यांनी सौम्य क्षारकाने निघणारा फ्ल्युओरेनिलमेथॉक्सिकार्बोनिल गट शोधला. प्रयोगशाळांतील स्वयंचलित पेप्टाइड संश्लेषणात आज तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.