गावठी कोंबडी आणि जंताचे औषध : पेण-रोह्याच्या अंगणासंबंधी एक टिपण

कोंबड्यांच्या जंतांवरील औषधांचा इतिहास हा सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत टिपणात तो मात्रेचा इतिहास म्हणून पाहावयाचा आहे. औषध कोणते, यापेक्षा ते कोणत्या पक्ष्याच्या पोटात, किती आणि कोणत्या वाटेने जाईल असे ते सिद्ध करणाराने गृहीत धरले होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा होय. उदाहरणादाखल, 1981 पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील पेण व रोहे हे तालुके घेतले आहेत.

पेणच्या पश्चिमेस खारापाट व पूर्वेस डोंगर. रोह्यास कुंडलिकेचे खोरे. पावसाचे मान दोन्हीकडे 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. आगरी, कातकरी, ठाकूर यांच्या घरची कोंबडी दिवसभर अंगण व उकिरडा उकरते आणि सांजेस खुराड्यात शिरते. तिच्या अंड्यांचे मोल थोडे. परंतु घरात आजारपण आले असता विकण्याजोगी वस्तू म्हणून प्रथम तिच्याकडेच दृष्टी जाते. अशा घरी चार तलंगा दगावणे ही लहान हानी नव्हे.

हिच्या आतड्यातील मोठा गोलकृमी, अॅस्करिडिया गॅली, श्रांक याने 1788 मध्येच वर्णिला होता. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात व उबदार ओलीत दोनतीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. कोरड्या उन्हात ती टिकत नाहीत. पट्टकृमींची रीत निराळी. रायलिएटिना जातीचे कृमी मुंगी अथवा भुंगेरा यांच्या शरीरातून कोंबडीत येतात. म्हणजे जंताचे अर्धे आयुष्य कोंबडीत आणि अर्धे अंगणात जाते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

इंग्रजी अमदानीतील पशुवैद्यक घोडा व बैल यांच्याभोवती उभे राहिले. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चे. पुण्यास 1889 मध्ये स्थापन होऊन 1893 मध्ये मुक्तेश्वरास हलविलेल्या प्रयोगशाळेस बुळकांड्यासारख्या गुरांच्या रोगांची चिंता अधिक. कोंबडी या व्यवस्थेच्या दारी उशिरा आली. भारतातील पाळीव जनावरांच्या परोपजीवी कृमींची एकत्र नोंद करणारा जी. डी. भालेराव यांचा ग्रंथ 1935 मध्ये निघाला, तेव्हा कृमींची नावे हाती आली. उपाय मात्र जुनेच होते. पळसपापडी, वावडिंग, शेंदरीच्या फळावरील तांबडी भुकटी ही आयुर्वेदातील कृमिघ्न द्रव्ये; यांपैकी शेंदरी, म्हणजेच कंपिल्लक, पाश्चात्त्य कुक्कुटवैद्यकातही पट्टकृमींवर दिली जाई. सुपारीतील अॅरेकोलिन कुत्र्यांच्या पट्टकृमींवर वापरले जात असे. पण त्याची गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. दक्षिणेस श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, म्हणून ती कोंबडीस चारून पाहण्याचा मोह कोणी धरू नये! कॅलिफोर्नियात 1916 च्या सुमारास तंबाखूच्या काड्या खाद्यात मिसळीत, आणि तिची मात्रा शंभर पक्ष्यांच्या हिशेबाने ठरविलेली असे. हा शंभरांचा हिशेब पुढेही सुटला नाही.

1950 नंतरच्या दशकात पिपराझिन आले. ते कृमीस मारीत नाही, लुळा करते. आतड्याच्या हालचालीने तो बाहेर पडतो. पक्ष्यास त्याची बाधा क्वचितच होते, म्हणून ते सुरक्षित ठरले, व योग्यच ठरले. परंतु ते देण्याची रूढ रीत अशी की, काही तास पाणी तोडावे आणि मग औषधाचे पाणी ठेवावे. ही रीत बंदिस्त घरातील पक्ष्यांसाठी योजलेली आहे. श्रावणात पेणच्या अंगणात पाणी तोडावयाचे कसे? कोंबडी डबक्यावर पिते आणि औषध भांड्यात राहते. औषध निरुपयोगी, हा निष्कर्ष मग चुकीच्या कारणाने निघतो; पुढच्या खेपेस मात्रा दुप्पट होते, आणि धोका तेथून सुरू होतो. शिवाय पिपराझिन पट्टकृमींवर चालत नाही व आतड्याच्या अस्तरात दडलेल्या कोवळ्या गोलकृमींवर फारसे लागू पडत नाही. म्हणूनच तीनचार आठवड्यांनी दुसरी मात्रा सांगितली जाते.

1961 चे थायाबेंडाझोल, 1966 चे टेट्रामिसोल आणि त्यांची पुढील भावंडे यांनी औषधांचा आवाका वाढविला; पण सर्वांची सुरक्षितता सारखी नाही. लेव्हामिसोलची मर्यादा अरुंद आहे. फेनबेंडाझोल पिसे गळून नवी येण्याच्या काळात दिल्यास पिसांत दोष येऊ शकतो. गुरांची बाटली कोंबडीसाठी अंदाजाने ओतणे ही यांतील सर्वांत वाईट रीत होय. माझ्या मते गावठी कोंबडीस औषध हाताने द्यावे : सांजेस खुराड्यातून एकेक पक्षी काढून, तराजूत तोलून, पशुवैद्याने सांगितलेली मात्रा चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने. घाईने ओतल्यास ती श्वासनलिकेत जाते. अंडी किती दिवस खाऊ वा विकू नयेत, हे वेष्टनावर पाहावे अथवा दवाखान्यात विचारावे. काही औषधे अंडी देणाऱ्या कोंबडीस मुळीच द्यावयाची नसतात.

आणखी एक घोटाळा जुनाच आहे. 1927 मध्ये एडवर्ड्स यांनी वर्णिलेला रानीखेत रोग हिरवी हगवण व मान मुरगळणे यांसह अल्पावधीत सारे खुराडे रिकामे करतो. जंतांचे काम संथ असते : तुरा फिका पडतो, छातीचे हाड हातास लागते, अंडी कमी होतात. एका आठवड्यात पाच पक्षी गेले असतील तर जंताची बाटली बाजूस ठेवून, मेलेला पक्षी उघड्या हाताने न हाताळता, आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.