मुक्त पुस्तिका आणि वाकिफची अट

मशिदीच्या कपाटातला एखादा ग्रंथ उघडला की पहिल्या पानावर बऱ्याचदा 'वक्फ' असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. वाचा, दुसऱ्याला वाचू द्या, पण आपला म्हणून घरी नेऊ नका. हजरत उमर (रजि.) यांना खैबरची जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना मूळ राखून उत्पन्न वाटण्याचा सल्ला दिला. ती जमीन विकता येणार नव्हती, बक्षीस देता येणार नव्हती, वारशातही जाणार नव्हती.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न एका अगदी साध्या वस्तूभोवती उभा राहिला. ती वस्तू म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणारी छापील पुस्तिका, म्हणजेच मॅन्युअल.

१९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी युनिक्स प्रणालीचा मूळ कोड आणि त्यावरचे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांसाठी पुस्तकरूपाने तयार केले. युनिक्सची मालकी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीकडे होती. पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात कंपनीने वर्गात हा कोड शिकवण्यावर बंदी घातली. पुस्तकाला मागणी होती, वाटपाची वाट मात्र बंद झाली. मग लोकांनी झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढली. ते पुस्तक उघडपणे प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले.

याच काळात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी दुसरी वाट धरली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. त्यांचा ईमॅक्स हा संपादक कोणीही कॉपी करावा असा होता. तरी त्याची टेप हवी असेल तर ते १५० डॉलर घेत. घेणाऱ्याने पुढे ती फुकट वाटली तरी हरकत नव्हती. पैसे होते टेप बनवून पोचवण्याच्या कामाचे.

पुस्तिकेचे गणितही याच धर्तीवर मांडले गेले. पहिली अडचण अशी की पडद्यावरची मदत आणि कागदावरचे पुस्तक वेगवेगळे लिहिले तर थोड्याच दिवसांत दोन्हींत फरक पडतो. म्हणून टेक्सइन्फो नावाची पद्धत तयार झाली. मूळ फाईल एकच. तिच्यातून डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् प्रणालीने छपाईची पाने निघत आणि त्याच फाईलमधून पडद्यावर वाचायची आवृत्तीही बने. ज्याच्याकडे प्रिंटर होता तो घरी छापून घेई. ज्याला शेकडो पाने छापत बसायचे नसेल तो फाउंडेशनकडून बांधीव प्रत विकत घेई आणि त्या पैशातून पुढचे काम चाले.

दुसरी अडचण परवानगीची होती. १९९०च्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर चांगली पुस्तके बाजारात आली, पण त्यांतली बरीचशी स्वतः मुक्त नव्हती. सॉफ्टवेअर बदलले तरी त्याचे पुस्तक बदलण्याचा हक्क वाचकाला नसे. यावर मार्च २००० मध्ये 'ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना' आला. त्याच्या अटी वाचल्या की कोणीतरी छापखान्याचा विचार करून त्या लिहिल्या आहेत हे जाणवते. १००पेक्षा जास्त छापील प्रती काढणार असाल तर मूळ लेखकाने ठरवलेला मजकूर मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर छापा. प्रत्येक प्रतीसोबत संगणकावर वाचता येईल अशी फाईल द्या, किंवा ती नेटवर कुठे मिळेल ते सांगा. शेवटची प्रत वाटल्यावर निदान एक वर्ष ती तिथे राहील याची काळजी घ्या. शिवाय एक विनंती, सक्ती नव्हे: मोठ्या संख्येने छापण्याआधी लेखकांना कळवा, म्हणजे त्यांना ताजी आवृत्ती देता येईल. जुने पुस्तक हजारोंनी छापून ठेवणे म्हणजे कागदाची नासाडी, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

पण याच परवान्यात एक गाठ होती. पुस्तिकेतले काही भाग 'अपरिवर्तनीय' ठरवण्याची मुभा लेखकाला होती. ईमॅक्सच्या पुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा असा कायमचा जोडलेला आहे. डेबियन या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी मार्च २००६ मध्ये मतदान करून ठरवले की असे भाग असलेली पुस्तिका मुक्त मानता येणार नाही.

इथे मला आपल्या फिकहमधला नियम आठवतो: वाकिफने, म्हणजे वक्फ करणाऱ्याने, घातलेली अट शरीयतच्या आदेशाइतकी पाळावी. स्टॉलमन यांची भूमिका याच्या जवळची होती. पण फकिहांनी या नियमाला मर्यादाही घातल्या. वक्फचा हेतूच मारणारी अट बांधून ठेवत नाही, आणि मालमत्ता निरुपयोगी झाली तर काजीच्या परवानगीने ती बदलून घेता येते. त्याला इस्तिब्दाल म्हणतात.

असाच एक इस्तिब्दाल मराठीनेही पाहिला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच परवान्याखाली होता. त्यातला दोन पानी लेख छापून वाटायचा तर सोबत परवान्याची सगळी पाने छापणे भाग होते. नोव्हेंबर २००८च्या सुधारित परवान्याने ठरावीक मुदतीपुरते एक दार उघडले आणि २००९ मध्ये विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सुटसुटीत परवान्याकडे गेला. दान तेच राहिले, अटी बदलल्या.

तुलना इथे थोडी तुटते, हेही सांगितले पाहिजे. वक्फचे मूळ जसेच्या तसे राखायचे असते. पुस्तिकेचे मूळ मात्र बदलत राहिले तरच टिकते.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे मराठीत दीनी पुस्तिका मरहूम आईवडिलांच्या इसाले सवाबसाठी छापल्या जातात. वर 'मोफत वाटपासाठी' लिहिलेले असते आणि आत 'सर्व हक्क राखीव'. छपाईतली चूक दिसली तरी पुढचा छापणारा ती दुरुस्त करू शकत नाही, कारण मूळ फाईल कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते. पैसे पुन्हा गोळा होतात, टायपिंग पुन्हा होते, नव्या चुका होतात.

मोफत आणि मुक्त यांत हाच फरक आहे. पुढच्या वेळी पुस्तिका छापाल तेव्हा शेवटच्या पानावर दोन ओळी घाला: ही कोणीही छापावी, चूक सुधारावी, आणि मूळ फाईल अमुक ठिकाणी आहे. सदका-ए-जारियाचे पाणी वाहते राहायला तेवढे पुरे आहे.