संगणक-जालांतील कोंडी आणि वनप्रदेशाचा प्रश्न

संदेशांची कोंडी मार्ग अरुंद असल्यामुळे होते आणि मार्ग रुंद केला की ती फुटते, असा समज रूढ आहे. संगणक-जालांचा इतिहास पाहता तो अपुरा ठरतो.

जालातून जाणारा संदेश लहान पाकिटांत विभागलेला असतो. वाटेवरील राउटर ही पाकिटे रांगेत घेऊन पुढे धाडतो. रांग भरली की नवी पाकिटे टाकून दिली जातात. पोच न मिळाल्याने प्रेषक ती पुन्हा पाठवितो आणि गर्दीत भरच पडते. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये या धोक्याची सूचना दिली होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये तिचा प्रत्यय आला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले विद्यापीठ यांच्यात अवघे ४०० यार्डांचे अंतर. तरीही तेथील वहन सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आले.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय प्रेषकाच्या संयमावर आधारलेला होता. पोच येत राहिल्यास वेग क्रमाने वाढवावा. पाकीट हरवल्यास तो झटकन उतरवावा. मध्यवर्ती नियंत्रकावाचून कोंडी आवरली. मात्र पाकीट हरवते ते गर्दीमुळेच, हे या नियमाचे गृहीतक होते. तारेच्या जालात ते बहुतांशी खरे होते.

वनप्रदेशात तेच बाधक ठरते. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बव्हंशी अरण्याने व्यापलेला आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. अशा वेळी दवाखान्यास व कचेरीस संदेशवहनाचाच आधार उरतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. अतिदुर्गम ठिकाणांसाठी तीत उपग्रहाचीही तरतूद झाली. परंतु बिनतारी दुव्यावर क्षीण संकेतामुळेही पाकिटे हरवतात, आणि सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्गे पोच येण्यास सुमारे अर्धा सेकंद जातो. जुना नियम पाळणारा प्रेषक पहिल्या कारणाने गर्दी नसतानाही वेग उतरवितो आणि दुसऱ्या कारणाने तो वाढविण्यास विलंब लावतो. मुळात दुबळ्या असलेल्या दुव्याची अशी दुहेरी हानी होते.

२०१६ मध्ये गूगलमधील संशोधकांनी, ज्यांत स्वतः जेकबसनही होते, बीबीआर ही पद्धत प्रसिद्ध केली. ती मुख्यत्वे वहनक्षमता व फेरीचा काळ मोजून वेग ठरविते. तीही निर्दोष नव्हती. तिची पहिली आवृत्ती जुन्या पद्धतीच्या प्रेषकांचा वाटा कधीकधी हिरावून घेई. तथापि जो नियम सार्वत्रिक मानला गेला तो एका विशिष्ट जालाच्या अनुभवातून घडला होता, हे तिने स्पष्ट केले. म्हणून दुर्गम भागातील संथपणाचा विचार करताना तेथील दुव्याइतकाच प्रेषकाचा नियमही तपासला पाहिजे.