घरच्या लेथला मोटर जोडताय? आधी पुलीचा हिशेब करा

लाटणी, रव्या, भोवरे घरीच काढायचे तर लेथ मशीन जड पायावर बोल्टने पक्कं बसवा. ते हादरलं की पटाशी अडकते. लेथला जोडतात ती सिंगल फेज मोटर बहुधा मिनिटाला १४४० फेऱ्यांची असते. मोटरला ३ इंची आणि लेथला ६ इंची पुली लावली की फेरे निम्मे, म्हणजे ७२० होतात. पुल्या उलट लावल्या तर तेच २८८०! एवढ्या वेगात ओबडधोबड ठोकळा सुटला तर जिवावर बेतेल. जाड लाकडाला कमी वेग, बारीक कामाला जास्त. त्यासाठी पायऱ्यांची पुली सोयीची. टेकण ठोकळ्याजवळ ठेवा, आधी हाताने एक फेरा फिरवून बघा. टेकण सरकवायचं ते मोटर बंद करूनच. अर्थिंग, बेल्टवर जाळी, डोळ्याला चष्मा हवाच. सैल बाही, उपरणं, हातमोजे नकोत.