इशारा पातळी आणि धोका पातळी : परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या काळजीचा इतिहास



आजचा विषय कोरडा वाटेल, पण तो जिवाशी निगडित आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची काळजी कोणी घ्यायची, आणि कधी? आपल्या मराठी समाजात या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आपण मात्र तो जिद्दीचा इतिहास म्हणूनच सांगत आलो. जिद्द होतीच, त्यात वाद नाही. पण जिद्दीच्या मागे व्यवस्था किती होती, हे आपण फारसे विचारले नाही. आज तेच विचारू.

त्यासाठी लागणारे दोन शब्द तुम्हाला आम्ही शिकवायची गरज नाही. तुमच्या पुलापाशी वैनगंगेचे पाणी मोजतात. 245 मीटर ही इशारा पातळी आणि 245.50 मीटर ही धोका पातळी. मधे फक्त अर्धा मीटर. त्या अर्ध्या मीटरात गुरे हलवायची, धान्य वर चढवायचे, म्हाताऱ्या माणसांना पुढे काढायचे. पाणी धोका पातळीवर गेल्यावर जे करायचे, त्याला बचाव म्हणतात. नियोजन म्हणजे त्याच्या आधीचे काम. हा फरक ध्यानात ठेवा.

आता 1883 सालाकडे जाऊ. एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. वय अठरा. कोणी नात्याचे सोबत नाही. जायचे होते फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. हे सगळे आपण शाळेत वाचले. कमी वाचले ते असे, की निघण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ठीक नव्हती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप. न्यूजर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, त्यांचा गुण आला नाही. आमच्या मते ही इशारा पातळी होती. पण ती वाचणारे कोणी नेमलेले नव्हते. आधी तपासणी, मग प्रवास, असा नियम ना इकडे होता, ना तिकडे.

तिकडे माणसे मात्र चांगली भेटली. कार्पेंटरबाईंनी घरात घेतले, महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी माया लावली. पण मायेला व्यवस्था म्हणत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा, साडीचा पोशाख, शाकाहाराचे व्रत आणि वैद्यकीचा अभ्यास हे चारही एकाच शरीरावर आले. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. त्या पदावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी नव्हती.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. क्षयाचा जंतू कॉखने 1882 मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या आदल्याच वर्षी दाखवून दिला होता. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन यायला 1943 उजाडले. तेव्हा उत्तम योजना असती तर आनंदीबाई वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणणे एवढेच, की त्यांच्या धैर्याची परीक्षा सगळ्यांनी घेतली, प्रकृतीची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली, ती तर आपण सांगतच नाही. पंडिता रमाबाई वैद्यकी शिकायच्या विचाराने इंग्लंडला गेल्या. सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. छप्पर होते, जेवण होते. काही महिन्यांतच भगतबाईंनी स्वतःचे जीवन संपवले. रमाबाईंना ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्गही बंद झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, धर्मांतराच्या प्रश्नाने घेरलेल्या बाईच्या मनात काय चालले असेल? आजही पालक विचारतात, जेवणाची सोय आहे का, राहायची सोय आहे का. मनाचे विचारत नाहीत. तो प्रश्न 1883 पासून तसाच पडून आहे.

आता सहा वर्षे पुढे या. 1889 मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. बालपणी लावून दिलेल्या लग्नाचा खटला लढलेल्या त्याच रखमाबाई. त्यांचे सावत्र वडील सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. ईडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, खर्चासाठी पैसे गोळा झाले, लंडनमध्ये मॅक्लॅरेन दांपत्याचे घर मिळाले. 1894 मध्ये शिक्षण पुरे करून त्या परतल्या, सुरतेला रुग्णालय चालवले आणि 1955 पर्यंत, नव्वद वर्षे जगल्या. दैवाचा भाग त्यात असेलच, रोग सगळ्यांना सारखा गाठत नाही. तरी एक फरक दिसतो. इथे निरोप देणारी, तिथे उतरवून घेणारी आणि मधला खर्च सांभाळणारी माणसे आधीच एकमेकांना ठाऊक होती.

पुढे संस्थानांच्या शिष्यवृत्त्या आल्या. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेच बाबासाहेब 1954 मध्ये तुमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. शिष्यवृत्तीच्या करारात परतून संस्थानाची दहा वर्षे चाकरी करण्याची अट होती. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये परतावे लागले, आणि तेही महायुद्ध चालू असताना. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातली पुस्तके, पाणतीराने समुद्राच्या तळाशी गेली. सुरक्षितता ही फक्त रोगराईची गोष्ट नाही, हे तिथे दिसते. पैसा कधी संपतो आणि रस्त्यात युद्ध आहे का, हेही तिच्यातच येते.

आणि आता अगदी अलीकडचे. 15 फेब्रुवारी 2022 रोजी कीव्हच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते देश सोडण्याचा विचार करा, असे कळवले. 24 तारखेला युद्ध सुरू झाले. मधे नऊ दिवस. हा तुमच्या पुलावरचा अर्धा मीटर! त्या नऊ दिवसांत बरीच मुले तिथेच राहिली. का? वर्ग चालू होते, हजेरी बुडाली असती, तिकिटे महागली होती. मग 'ऑपरेशन गंगा'तून सुमारे 22,500 भारतीय परत आणले गेले, त्यांत महाराष्ट्राची मुलेही होती. अनेकांना पोलंड, रोमानियाची सीमा गाठायला थंडीत मैलोन्‌मैल चालावे लागले. बचाव मोठा झाला, कौतुकास्पद झाला. पण इशारा मिळाल्यावर हजेरीचा निर्णय कोण घेणार, हे कोणी आधी ठरवले नव्हते.

पंचतंत्रात तीन मासे आहेत. अनागतविधाता संकट येण्याआधीच तळे सोडतो. प्रत्युत्पन्नमती ऐनवेळी युक्तीने सुटतो. यद्भविष्य म्हणतो, होईल ते होईल, आणि जाळ्यात सापडतो. आपण मुलांना दुसऱ्या माशाचे कौतुक सांगतो, हुशार हो, वेळ मारून ने. पहिल्या माशाची कथा रंगत नाही, कारण त्याच्या बाबतीत काही घडतच नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकवत असू, की ॲरिस्टॉटल धैर्याला भित्रेपणा आणि आंधळे धाडस यांच्या मधोमध बसवतो. तयारी करणारा भित्रा नसतो, एवढे त्यातून घ्यावे.

आज जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथे विद्यार्थ्याला आरोग्य विमा सक्तीचा आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे, तिथे नाव नोंदवता येते. साधने आहेत, नं? मग कारध्यातून, भंडाऱ्यातून कोणी निघाले, तर घरच्यांनी बसून पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात. जाण्याआधीची तपासणी आणि चालू औषधांची चिठ्ठी. विम्यात जुने आजार आणि मनाचे उपचार येतात का. तिथे रात्री दोन वाजता फोन उचलेल असा एक माणूस. परतीच्या तिकिटाचे वेगळे ठेवलेले पैसे. आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची : कोणती बातमी आली की हजेरीचा विचार न करता निघायचे, आणि तो निर्णय कोणाचा. विद्यापीठ वर्ग बंद करते का, हजेरी माफ करते का, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारावे. एजंट म्हणेल, असे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आनंदीबाईंचा फोटो आपण भिंतीवर लावतो, लावलाच पाहिजे. त्यांच्यासारखी निघणारी मुलगी परत येऊन कामावर रुजूही व्हावी, एवढे आता आपल्या हाती आहे.

 आता प्रश्न विचारा.